किल्ली खिशात, गाडी कुणाची?

मुंबईची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतरीत्या रस्त्यावरून निवृत्त झाली. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने या गाडीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबवले होते. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३मधली. वीस वर्षांची कायदेशीर मुदत भरली म्हणून ती थांबली. ती चालेनाशी झाली म्हणून थांबली नाही. निर्मात्याने हात काढून घेतल्यावरही ती इतकी वर्षे धावली, कारण कुर्ल्यापासून भायखळ्यापर्यंतच्या गॅरेजांतील मिस्त्रींना तिचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक होता. सुटे भाग मिळत होते. मिळाले नाहीत, तर लेथवर घडवले जात होते.

यानंतर आठ महिन्यांच्या आतच, जून २०२४मध्ये, अमेरिकेतील फिस्कर ही विजेवर चालणाऱ्या मोटारींची कंपनी दिवाळखोरीत निघाली. तिने ‘ओशन’ नावाच्या सुमारे अकरा हजार गाड्या तयार केल्या होत्या. गाड्या कोऱ्या होत्या, मोटर आणि बॅटरी ठणठणीत होत्या. तथापि, त्यांचे सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर विसंबून होते, तो सर्व्हर दिवाळखोर कंपनीच्या ताब्यात होता. तीन हजारांहून अधिक गाड्या घाऊक भावाने विकत घ्यायला निघालेल्या न्यूयॉर्कच्या एका कंपनीपुढे ऑक्टोबर २०२४मध्ये भलताच पेच उभा राहिला. गाड्यांची माहिती फिस्करच्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असे तिला सांगण्यात आले. सामान्य ग्राहकांना तर आपली संघटना बांधून, एकमेकांना धरून, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या शोधत फिरावे लागले. याच फिस्करने २०२२मध्ये हैदराबादेत सॉफ्टवेअर विकासाचे केंद्र उघडले होते, म्हणजे भारतीय अभियंत्यांची बुद्धीही त्या गाडीमागे होती. कंपनी बुडाल्यावर त्या बुद्धीचा ग्राहकाला काही उपयोग उरला नाही.

या दोन गाड्यांमध्ये जे अंतर आहे, ते केवळ पेट्रोल आणि वीज यांचे नाही. ते मालकीच्या कल्पनेतील अंतर आहे, आणि भारतातील मध्यमवर्गीय कुटुंब विजेच्या गाडीकडे वळत असताना ते समजून घेणे निकडीचे झाले आहे.

विजेच्या गाडीला विरोध करण्याचे कारण नाही. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. पश्चिम आशियात ठिणगी पडली की इथल्या गृहिणीचे अंदाजपत्रक कोलमडते. तेलापोटी परदेशी जाणारे चलन वाचवणारे, शहरांची हवा निवळवणारे कोणतेही तंत्रज्ञान राष्ट्रहिताचेच आहे. विजेच्या मोटरमध्ये हलणारे भाग थोडे असतात. गिअर, क्लच, सायलेन्सर, इंजिन-ऑइल यांची कटकट नसते. यांत्रिकदृष्ट्या ही गाडी जुन्या गाडीपेक्षा दीर्घायुषी व्हायला हवी.

तिच्यातील सॉफ्टवेअरचे लाभही नाकारता येणार नाहीत. पूर्वी एखादा दोष सुधारण्यासाठी हजारो गाड्या कार्यशाळेत बोलवाव्या लागत. आता रात्री दारात उभी असलेली गाडी मोबाइलसारखी आपोआप सुधारते. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आले, तेव्हा टेस्ला कंपनीने तेथील काही गाड्यांचा पल्ला दुरूनच तात्पुरता वाढवून दिला. घरदार सोडून निघालेल्या कुटुंबांना वाटेत न थांबता अधिक दूर जाता आले. जगभर या औदार्याचे कौतुक झाले.

मात्र हा वाढीव पल्ला आला कुठून, हे पाहिले म्हणजे खरी मेख कळते. त्या गाड्यांत बॅटरी मुळातच मोठी बसवलेली होती. ग्राहकाने कमी किमतीची गाडी घेतली म्हणून सॉफ्टवेअरच्या कुलपाने तिची शक्ती रोखून धरली होती. जी वस्तू ग्राहकाच्या अंगणात उभी होती, तिच्याच पोटातील एक कप्पा त्याच्यासाठी बंद होता आणि त्याची किल्ली हजारो मैल दूर होती. संकटाच्या वेळी ती किल्ली फिरली, हे चांगलेच झाले. पण जो हात दुरून कुलूप उघडू शकतो, तोच हात ते लावूही शकतो.

तसे घडलेही. २०१९च्या मे महिन्यात आलेल्या एका अपडेटनंतर टेस्लाच्या काही मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीची कमाल व्होल्टेज मर्यादा खाली आली आणि मालकांच्या लक्षात आले की, काल जितकी गाडी चालत होती तितकी ती आज चालत नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २०२१मध्ये तडजोड होऊन १,७४३ मालकांसाठी १५ लाख डॉलर मान्य करण्यात आले. बहुतेकांच्या वाट्याला प्रत्येकी ६२५ डॉलर. बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी अशी मर्यादा घालावी लागते, हे मान्य केले, तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतोच. विकून झालेल्या वस्तूचा गुणधर्म विक्रेता खरेदीदाराच्या संमतीविना बदलू शकतो काय? पुढे तर या अधिकाराचा रीतसर व्यापार मांडला गेला. गाडीत आधीच बसवलेली आसन गरम करण्याची सोय वापरण्यासाठी मासिक वर्गणी आकारण्याचा प्रयोग बीएमडब्ल्यूने २०२२मध्ये काही देशांत केला. ग्राहक खवळल्यावर २०२३मध्ये त्याला तो गुंडाळावा लागला. मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या काही विद्युत मोटारींचा वेग पकडण्याचा जोर वाढवून देण्यासाठी वर्षाला १,२०० डॉलरचा भाव लावला. घर विकत घ्यावे आणि माजघरात जाण्याचे भाडे दरमहा भरत राहावे, त्यातला हा प्रकार.

सॉफ्टवेअरची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू त्याला पेलणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे हार्डवेअरची आहे. सॉफ्टवेअर दरवर्षी जड होत जाते. ते ज्या चिपवर चालायचे, ती चिप मात्र गाडी विकली त्या दिवशीचीच राहते. जुन्या मोबाइलवर नवे अपडेट घेतल्यावर तो कसा रांगू लागतो, हा अनुभव आता घरोघरी आहे. तीच गत गाडीची होते. फरक इतकाच की, मोबाइल काही हजारांचा असतो आणि गाडीमागे आयुष्याची बचत असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या सरकारी कागदपत्रांत नोंदले गेले आहे. २०१२ ते २०१८ या काळातील मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८मधील मॉडेल एक्स गाड्यांच्या मध्यवर्ती पडद्यामागे ८ जीबीची एक छोटी स्मृती-चिप होती. अशा चिपच्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येते. गाडी आपल्या हालचालींच्या नोंदी तिच्यावर सतत लिहीत राहिली आणि पाच-सहा वर्षांत चिप झिजून गेली. पडदा काळा पडला. त्याबरोबर मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा गेला, काचेवरचे धुके हटवण्याची सोय गेली. जानेवारी २०२१मध्ये तेथील वाहन सुरक्षा प्रशासनाने गाड्या परत बोलावण्यास सांगितले आणि फेब्रुवारीत कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या बोलावल्या. तेव्हाही कंपनीचा युक्तिवाद असा होता की, असा भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षाच व्यवहार्य नाही. एका नखाएवढ्या चिपचे आयुष्य गाडीच्या आयुष्याची मर्यादा ठरवू पाहते, हे या प्रकरणाचे सार आहे.

आश्वासनेही अशीच कालबाह्य होतात. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये टेस्लाने जाहीर केले होते की, यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्णतः स्वयंचलित होण्यासाठी लागणारी सर्व यंत्रसामग्री आहे. त्यानंतर २०१९मध्ये नवा संगणक आला, २०२३मध्ये त्याहून नवा आला आणि जानेवारी २०२५मध्ये एलॉन मस्क यांनी मान्य केले की, ज्यांनी या सोयीचे पैसे भरले आहेत, त्यांच्या २०१९नंतरच्या पिढीतील संगणकही बदलावे लागतील. निसानने २०१६पर्यंतच्या लीफ गाड्यांची मोबाइलवरून नियंत्रण करण्याची सेवा ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२४ रोजी बंद केली, कारण त्या गाड्यांतील यंत्र टू-जी जाळ्यावर चालणारे होते. गाडी धावत राहिली, पण तिच्यासोबत विकलेली एक सोय दूरसंचार कंपन्यांच्या वेळापत्रकाने हिरावून नेली.

आता हे भारतीय घराच्या मापाने मोजून पाहावे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची असते. कर्जाचे हप्ते सात वर्षांपर्यंत चालतात. चिप पाच-सहा वर्षांत म्हातारी होत असेल आणि सॉफ्टवेअर किती वर्षे पुरवणार हे करारात लिहिलेलेच नसेल, तर शेवटचा हप्ता फिटण्याआधीच गाडीचे जाणतेपण ओसरू लागते. यात सर्वाधिक नाडला जाईल तो जुनी गाडी घेणारा माणूस. शिक्षक, लिपिक, छोटा दुकानदार यांची पहिली मोटार बहुधा दुसऱ्याने वापरलेली असते. श्रीमंत माणूस पाच वर्षांनी गाडी बदलून मोकळा होतो. तिच्या वृद्धापकाळाचा सारा भार या दुसऱ्या मालकावर पडतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडताना पाश्चात्त्य अर्थरचनेच्या याच प्रवृत्तीकडे बोट दाखवले होते. पूर्वी गरजेनुसार उत्पादन होत असे. आता जे उत्पादन झाले, त्यासाठी गरज निर्माण केली जाते, ही त्यांची चिंता होती. वस्तू धडधाकट असतानाच तिला जुनी ठरवणे हे त्या प्रवृत्तीचे आजचे रूप आहे. झिजलेली सुरी धार लावून, तुटलेली खुर्ची जोडून, आजोबांचे घड्याळ नातवाच्या मनगटावर बांधून चालणारा आपला समाज हा केवळ गरिबीमुळे तसा वागत नव्हता. भूमीतून जे घेतले, ते पुरेपूर वापरावे, हा त्यामागचा संस्कार होता. पर्यावरणरक्षणाचे नाव घेऊन आलेली गाडी दहा वर्षांत भंगारात जाणार असेल, तर तिच्या बॅटरीतील लिथियम, कोबाल्ट आणि निकेल खणून काढताना निसर्गाची जी हानी झाली, तिचा हिशेब कोण देणार?

ग्राहकाच्या खिशापुरताच हा विषय असता, तरी तो महत्त्वाचा ठरला असता. परंतु त्याला राष्ट्रीय सुरक्षेचीही बाजू आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील ‘रुटर’ या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २०२५मध्ये एक चिनी बनावटीची विद्युत बस बाहेरचे संकेत पोहोचणार नाहीत अशा खाणीत नेऊन तपासली. सॉफ्टवेअर अपडेटच्या वाटेने उत्पादकाला बसच्या यंत्रणेत प्रवेश आहे आणि तात्त्विकदृष्ट्या ती दुरून बंद पाडता येऊ शकते, असे निदर्शनास आले. कुणी तसे केल्याचा पुरावा नव्हता; पण शहराची वाहतूक परक्याच्या सद्हेतूवर टांगून ठेवावी का, हा प्रश्न त्या देशापुढे उभा राहिला. अमेरिकेने तर जानेवारी २०२५मध्ये नियम करून २०२७च्या मॉडेलपासून चिनी आणि रशियन सॉफ्टवेअर असलेल्या, तर २०३०च्या मॉडेलपासून तशा दळणवळण यंत्रणा असलेल्या गाड्यांना दारे बंद केली.

परक्याच्या हातातील बटण म्हणजे काय, याचा अनुभव भारतानेही घेतला आहे. युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर जुलै २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने गुजरातमधील वाडीनार तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा अचानक रोखल्या. या कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टची मोठी भागीदारी आहे. पण कारखाना भारतात, कर्मचारी भारतीय, सेवेचे पैसे चुकते केलेले आणि भारतीय कायद्याने कोणताही गुन्हा घडलेला नाही, अशी स्थिती होती. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. उद्या एखाद्या तणावाच्या प्रसंगी हीच गोष्ट रुग्णवाहिकांच्या, बसगाड्यांच्या किंवा लाखो घरगुती मोटारींच्या बाबतीत घडली, तर प्रत्येकाने न्यायालयात धाव घ्यायची काय?

भारताने या बाबतीत सावधगिरी दाखवली आहे, हेही नमूद केले पाहिजे. एप्रिल २०२०मध्ये केंद्र सरकारने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्यानंतर पुण्याजवळच्या तळेगावचा मोटार कारखाना घेऊ पाहणाऱ्या चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला दोन वर्षे परवानगी मिळाली नाही आणि तो व्यवहार २०२२मध्ये बारगळला. तळेगाव हे नाव स्वदेशीच्या इतिहासात आधीच कोरलेले आहे. सामान्य माणसांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना याच गावात उभा राहिला होता. काच इथे तयार व्हावी, एवढ्यावर त्या पिढीचे समाधान नव्हते. काच तयार करण्याची विद्या भारतीय मुलांच्या हाती यावी, हा तिचा आग्रह होता. आजच्या स्वदेशीची कसोटी तिथेच आहे. पत्रा इथे ठोकला, रंग इथे दिला, पण गाडीचा मेंदू आणि त्याची किल्ली बाहेर राहिली, तर तिला कितपत स्वदेशी म्हणायचे?

सुदैवाने याचे उत्तर देण्याची क्षमता इथे आहे. बंगळुरूच्या रेवाने २००१मध्येच छोटी विद्युत मोटार रस्त्यावर आणली होती. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये आली आणि तिने मध्यमवर्गाला या वाहनाची ओळख करून दिली. महिंद्राच्या नव्या विद्युत गाड्या चाकणमध्ये घडतात. जुलै २०२५मध्ये टेस्लानेही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले भारतीय दालन उघडले. तथापि, कंपनी स्वदेशी आहे म्हणून तिला प्रश्न विचारू नयेत, असा स्वदेशीचा अर्थ कधीच नव्हता. भारतीय ग्राहकाने दाखवलेल्या विश्वासाची परतफेड भारतीय कंपन्यांनी अधिक दीर्घ आणि लेखी जबाबदारीने केली पाहिजे. स्पर्धेत त्यांना वेगळे ठरवणारी खरी गोष्ट तीच असेल.

यासाठी काय करावे लागेल, हे फारसे अवघड नाही. पहिली गोष्ट म्हणजे, गाडी विकताना सॉफ्टवेअर आणि सुरक्षाविषयक अपडेट किती वर्षे मिळतील, हे हमीपत्रात छापणे सक्तीचे करावे. ही मुदत नोंदणीच्या पंधरा वर्षांशी जोडलेली असावी. दुसरी, पडदा, संगणक, दळणवळण यंत्र हे भाग सुटे काढून बदलता येतील अशी रचना असावी आणि ते स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी किमतीत मिळावेत. तिसरी, कोणतेही अपडेट गाडीचा पल्ला किंवा शक्ती घटवणार असेल, तर ते आधी मराठीत, हिंदीत, ग्राहकाला कळेल अशा भाषेत सांगून त्याची संमती घ्यावी. चौथी, कंपनी बंद पडली, तर सर्व्हर चालू ठेवण्याची किंवा सॉफ्टवेअरची किल्ली त्रयस्थ सरकारी संस्थेकडे सोपवण्याची तरतूद परवान्याच्या वेळीच करून घ्यावी. पाचवी, सार्वजनिक सेवेत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक विद्युत बसची भारतीय तज्ज्ञांकडून रुटरसारखी तपासणी व्हावी.

यातील काहीही आकाशातून पडलेले नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२०मध्ये सुमारे पंचाहत्तर टक्के मतदारांनी गाडीतून दुरून पाठवल्या जाणाऱ्या माहितीवर मालकाचा आणि त्याने निवडलेल्या गॅरेजचा हक्क मान्य केला. युरोपात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या गाडीच्या सॉफ्टवेअर अपडेटची व्यवस्था प्रमाणित असावी लागते. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले; निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश आहे. पाऊल योग्य दिशेने पडले आहे, आता त्याला कायद्याचे बळ हवे. महाराष्ट्र शासन विद्युत वाहनांना अनुदान देते, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर पथकरातून सूट देते. करदात्याच्या पैशातून सवलत मिळवणाऱ्या कंपनीवर या अटी घालण्यास राज्याला कोण अडवणार आहे?

शासनाची वाट पाहत बसणे हा मात्र कार्यकर्त्याचा स्वभाव नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता. तो १९८६मध्ये आला. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला. त्या काळी लढाई वजनमापातील चोरीविरुद्ध आणि भेसळीविरुद्ध होती. आजची भेसळ डोळ्यांना दिसत नाही, ती करारातील बारीक अक्षरांत आणि दूरच्या सर्व्हरमध्ये असते. म्हणून ती ओळखणारे डोळे तयार करावे लागतील. ग्राहक संघटनांनी विद्युत वाहनांच्या हमीपत्रांचा अभ्यास करून ते सोप्या मराठीत लोकांपुढे ठेवावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गावोगावच्या मिस्त्रींना बॅटरी आणि वाहन-सॉफ्टवेअर यांचे शिक्षण मिळावे. अन्यथा पिढ्यान्‌पिढ्यांचे हे कौशल्य एका पिढीत बेकार होईल.

येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला अनेक घरांच्या दारात नवी विद्युत मोटार उभी राहील, तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाईल, हार घातला जाईल. तो आनंद रास्तच आहे. त्याआधी दालनात बसल्यावर रंग, पल्ला आणि हप्ता यांच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: अपडेट किती वर्षे मिळतील, चिप बिघडली तर ती एकटी बदलता येईल का, आणि कंपनी उद्या नसली तर गाडी चालेल का? विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर ते लेखी मागावे. हजारो कुटुंबांनी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर त्यांची उत्तरे कंपन्यांना हमीपत्रात छापावीच लागतील.